कुसळीचं आणि ज्वारीचं गोत्र

दिवाळी सरली की धुऱ्यावरून चालणाऱ्याच्या पायजम्यात कुसळी गवताची कुसळं भरतात. ती उपसून फेकण्याआधी एक तळहातावर घ्या. टोकाला सुईसारखं अणकुचीदार, तपकिरी केसांचं बी. मागे तीन-चार बोटं लांब शेपूट, अर्ध्यापर्यंत दोरीसारखा पीळ. त्यावर थेंबभर पाणी टाका. शेपूट उलगडत फिरू लागतं, वाळलं की पुन्हा पीळ भरतो. रात्री दव, दुपारी ऊन, असं करत बी बरड जमिनीच्या भेगेत शिरतं आणि उलटे केस त्याला मागे सरकू देत नाहीत. मेंढीच्या लोकरीतून कातडीपर्यंत ते असंच पोचतं. म्हणून कुसळी चारायची ती तुरे येण्याआधी.

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसनं १७५३ साली या गवताला ‘कन्टॉर्टस’, म्हणजे पिळलेलं, असं नाव दिलं.

कुसळी, मारवेल, शेडा, तिखाडी. पानांवरून यांतला फरक सांगणं कठीण. तिखाडी निदान चुरगळली की रोशा तेलाच्या वासानं ओळखू येते. बाकीच्यांचा तुराच बघावा लागतो. गवताचं फूल इवलंसं, तुसांच्या आड झाकलेलं. तुसांसकटच्या त्या घटकाला कणिशक म्हणतात. या चारही गवतांत कणिशकं जोडीनं येतात: एक बिनदेठाचं, दाणा धरणारं; दुसरं देठावरचं, बहुधा दाण्याविना. ही जोडी ‘अँड्रोपोगोनी’ या गटाची खूण. ज्वारी, मका आणि ऊस याच गटातले. गहू मात्र गवतांच्याच कुळातला असूनही दूरच्या शाखेतला.

मोथ्याला आपण गवत म्हणतो, पण तो या कुळातलाच नाही. त्याचा दांडा बोटांत फिरवा, तीन धारा लागतात. गवताची काडी गोल किंवा चपटी असते आणि तिला पेरं असतात.

कुसळी-ज्वारीच्या गटाला आपल्याकडचं ऊन मानवतं, त्याचं कारण पानाच्या आत आहे. कडक उन्हात गव्हाच्या पानातलं हवेतला कार्बन डायऑक्साइड धरणारं विकर (एन्झाइम) चुकून ऑक्सिजनही धरतं आणि मेहनत वाया जाते. कुसळी आणि ज्वारी आधी हा वायू शिरांभोवतीच्या पेशींत दाटून भरतात, मग वापरतात. त्यामुळे पर्णरंध्रं कमी उघडली तरी भागतं आणि पाणी वाचतं.

हुरड्याच्या दिवसांत कणसातला एक दाणा तुसासकट अलगद सोडवून पाहा. त्याला चिकटून, देठावर, एक चपटं रिकामं कणिशक दिसेल. कुसळीतही दाण्याशेजारी तसंच एक असतं.