.२२ टार्गेट पिस्तूल अडकते तेव्हा: आमच्या ग्राहकांसाठी माहिती

आमच्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या .२२ टार्गेट पिस्तुलांपैकी बऱ्याच पिस्तुलांत तुटलेले काहीच नसते. चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसते त्या भागात) काडतुसांवरचे मेण साचलेले असते, एखाद्या मॅगझिनचे (काडतुसे भरायच्या पेटीचे) ओठ, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, वाकलेले असतात, नाहीतर काडतूस त्या पिस्तुलाला मानवत नसते. हे तुम्हाला नेमबाजीच्या रेंजवरच ओळखता यावे आणि ऐन स्पर्धेच्या तोंडावर पिस्तूल दुकानात पडून राहू नये, म्हणून हे पत्रक.

आधी थांबा, मग बघा

पिस्तूल अडकले की हात आपोआप बोल्टकडे (चेंबर मागून बंद करणाऱ्या सरकत्या भागाकडे) जातो. तो आवरा. नळी टार्गेटच्या दिशेनेच ठेवा, बोट ट्रिगरवरून काढा. ट्रिगर दाबूनही बार झाला नसेल तर तसेच ३० सेकंद थांबा, कारण बार उशिरा होऊ शकतो. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला असेल तर पुढची गोळी अजिबात झाडू नका. पहिली गोळी नळीतच अडकलेली असू शकते. तिच्यामागे दुसरी गेली तर नळी फुगते आणि इजाही होऊ शकते. अशा वेळी पिस्तूल रिकामे करून नळी तपासून घ्या.

एरवी बोल्ट ओढण्याआधी एकदा नीट बघा: काडतूस किंवा रिकामी पुंगळी (झाडलेल्या काडतुसाचे कवच) नेमकी कुठे थांबली आहे? निम्मे निदान तिथेच होते. बोल्ट ओढून सगळे झटकून टाकले की तो पुरावाच जातो.

काय दिसते, आणि त्याचा अर्थ काय

कंपनी पार्डिनी असो, वॉल्थर असो की हॅमर्ली, ही पिस्तुले ब्लोबॅक पद्धतीची असतात. पुंगळी मागे रेटली जाते तीच बोल्टला मागे ढकलते. २.६ ग्रॅमची छोटी गोळी, आवाजाच्या वेगापेक्षा थोडी हळू जाणारी. त्यातून मिळणारी ताकद बेताचीच. त्यामुळे थोडी घाण, दाट झालेले तेल किंवा कमजोर काडतूस एवढेही बोल्टचा प्रवास अर्धवट थांबवायला पुरते.

पुंगळी बाहेर पडता पडता बोल्टच्या फटीत उभी अडकली, तर बोल्ट पुरेसा मागे गेलेला नाही. एरवी दूर उडणाऱ्या पुंगळ्या त्याआधीच पायाशी पडायला लागलेल्या असतात. तिकडे लक्ष ठेवलेत तर बिघाड आधीच कळतो. बोल्टची खाच साफ करा, जुने तेल पुसून एखादा थेंबच नवे लावा आणि दुसऱ्या बॅचचे काडतूस वापरून बघा. कोकणातल्या आणि मुंबईतल्या ग्राहकांना पावसाळ्यात गंजाच्या भीतीने तेल जास्त घालायची सवय असते. त्या तेलात काजळी आणि शिशाची पूड मिसळून चिकट लगदा होतो. ठेवताना तेल जरूर लावा, पण रेंजवर जाण्याआधी पुसून काढा.

पुंगळी चेंबरमध्येच राहिली तर एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळी ओढून काढणाऱ्या आकड्याच्या) नखाखाली साचलेली घाण काढा. तरीही तेच होत असेल तर चेंबरच्या काठावर खोच पडली आहे का ते आमच्याकडून तपासून घ्या. .२२ काडतुसाचा स्फोटक मसाला बुडाच्या कडेत असतो, म्हणून फायरिंग पिन कडेवरच आपटते. रिकाम्या चेंबरवर ती आपटत राहिली तर काठ दबतो आणि पुंगळी तिथे रुतते. ड्राय फायरसाठी (काडतुसाशिवाय ट्रिगर दाबण्याच्या सरावासाठी) पिस्तुलात वेगळी सोय असेल तर तीच वापरा.

बोल्ट केसभर उघडा राहत असेल तर चेंबरमध्ये मेण आणि काजळीचे कडे जमलेले असते. बोल्ट अंगठ्याने दाबून बंद करू नका. पिस्तूल रिकामे करा आणि चेंबरमध्ये ब्राँझचा ब्रश फिरवा. नळी वारंवार घासण्याच्या आम्ही विरुद्ध आहोत. चेंबर मात्र प्रत्येक सरावानंतर पुसलेच पाहिजे.

मॅगझिनकडे दुर्लक्ष नको

गोळीचे नाक चेंबरच्या तोंडाला आपटून थांबले की संशय मॅगझिनवर घ्या. .२२ काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेपुढे यायला हवी. ती मागे राहिली तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि वरचे काडतूस पुढे सरकतच नाही. एकेक काडतूस मागपर्यंत सरकवून भरा, पाच झाले की बाजूच्या खिडकीतून रांग बघून घ्या.

सगळ्या मॅगझिनांवर १, २, ३ असे आकडे घाला. बिघाड दर वेळी २ नंबरलाच होत असेल तर पिस्तुलाचा दोष नाही. त्या मॅगझिनचे ओठ पकडीने वाकवू नका, जमिनीवर पडलेले मॅगझिन तपासल्याशिवाय स्पर्धेला नेऊ नका. नाक चेपलेले काडतूस पुन्हा भरू नका.

स्पर्धेत अडकले तर

पकड न सोडता पिस्तूल टार्गेटकडेच रोखून ठेवा आणि मोकळा हात वर करून रेंज ऑफिसरला बोलवा. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमांनुसार ऑफिसरने तपासण्याआधी तुम्ही बोल्टला किंवा सेफ्टीला हात लावलात, तर तो बिघाड मान्य होत नाही. सेफ्टी काढायची राहिली किंवा मॅगझिन भरलेच नाही, तरीही होत नाही. सरावातही हीच सवय लावा.

आमच्याकडे आणताना

एक्स्ट्रॅक्टर, फीड रॅम्प (काडतूस चेंबरकडे नेणारा उतार), स्प्रिंग यांना घरी कानस लावू नका, स्प्रिंग कापू नका. शस्त्र कायद्यानुसार दुरुस्तीसाठी परवाना लागतो, आणि घासून गेलेला धातू आम्हालाही परत आणता येत नाही.

पिस्तूल रिकामे, बंद पेटीत आणा. सोबत मूळ परवाना आणि सगळी मॅगझिने, तीही रिकामी. बिघाड झाला त्याच बॅचच्या पाच-दहा रिकाम्या पुंगळ्या आणि काडतुसांच्या खोक्यावरच्या बॅच नंबरचा फोटो आणा. येण्याआधी पिस्तूल साफ करू नका. घाण कुठे बसली आहे ते आम्हाला बघायचे असते.