प्रतिकृती अभियांत्रिकी मंडळ (बेळगाव सीमाभाग)

प्रतिकृती अभियांत्रिकी मंडळ : खऱ्या यंत्राचे ठरावीक प्रमाणात लहान केलेले आणि खऱ्यासारखेच चालणारे रूप स्वतःच्या हाताने घडवणाऱ्या हौशी व कसबी माणसांचे मंडळ. वाफेचे रेल्वे इंजिन, शेतावरचे डिझेल इंजिन, पंप, उसाचा चरक यांपैकी काहीही चालते. अट एकच, की ते सुरू झाले पाहिजे. शोकेसमध्ये ठेवायची प्लॅस्टिकची प्रतिकृती या कक्षेत येत नाही. इथल्या छोट्या बॉयलरात खरा विस्तव पेटतो, पाणी उकळते आणि इंजिन मागच्या गाड्यांवर बसलेल्या माणसांना ओढून नेते.

या छंदाची पहिली संघटित मंडळी 1898 मध्ये लंडनला एकत्र आली. पुढे इतर गावांच्या मंडळांनी बागांतून छोटे रूळ टाकले आणि 3½, 5 व 7¼ इंच ही दोन रुळांमधल्या अंतराची मापे रूढ झाली.

बेळगाव भागात या कामासाठी लागणारी बहुतेक सामग्री आधीपासूनच आहे. उद्यमबाग आणि मच्छे येथील ओतशाळा, मशीनशॉप, हायड्रॉलिक भागांचे कारखाने आणि त्यांना लागून असलेली भंगाराची दुकाने एकाच परिसरात सापडतात. याची मुळेही जुनी आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी 1888 मध्ये बेळगावात सायकलींचे दुकान काढले. कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर ही त्यांची पहिली उत्पादने याच गावात तयार झाली. 1910 मध्ये जागा सोडावी लागल्यावर त्यांनी औंध संस्थानात कुंडल रोड स्टेशनजवळ किर्लोस्करवाडी वसवली. कारखाना गेला, पण यंत्रावर हात बसलेली माणसे इथे घडत राहिली.

मंडळाची खरी गरज मात्र याच उद्योगाच्या वाढीतून निर्माण होते. आज पॅटर्न (वाळूत साचा उठवण्यासाठी केलेला नमुना) एका शेडमध्ये बनतो, ओतकाम दुसरीकडे आणि मशीनिंग तिसरीकडे. सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर) काम करणारा तरुण दिवसाला शेकडो भाग काढतो, पण तो भाग कोणत्या यंत्रात बसतो हे त्याला पुष्कळदा ठाऊक नसते. लहान इंजिन करायला घेतले की ही वाटणी मोडते. ड्रॉइंग, पॅटर्न, ओतकाम, लेथ, कानस, डाग (धातूचे सांधे जोडणे) आणि जुळणी हे सगळे एकाच माणसाला शिकावे लागते. या भागात मंडळाचे सर्वांत मोठे मोल मला यातच दिसते.

नवख्याने सुरुवात दोलक सिलिंडरच्या इंजिनाने करावी. यात वेगळी झडप नसते. सिलिंडर स्वतःच डोलतो आणि वाफेची भोके उघडतो-झाकतो. पितळी पट्टीचे उरलेले तुकडे किलोवर मिळतात. तेवढ्यात काम भागते. रॉबर्ट स्टर्लिंग यांनी 1816 मध्ये योजलेले गरम हवेचे इंजिनही पहिल्या वर्षाला योग्य, कारण त्यात दाबाचा धोका जवळजवळ नाही.

रेल्वे इंजिन : या भागाच्या दृष्टीने सर्वांत जवळचा प्रकल्प मीटरगेजचा, म्हणजे दोन रुळांत 1000 मिमी अंतर असलेल्या रेल्वेचा. मिरज, बेळगाव, लोंढा ही वाट जुन्या सदर्न मराठा रेल्वेची आणि लोंढ्याहून कॅसलरॉकच्या घाटाकडे उतरणारी वाटही मीटरगेजचीच. 1990 च्या दशकात हे रूळ बदलून ब्रॉडगेज झाले, तरी मीटरगेजचा डबा आणि इंजिन पाहिलेली पिढी अजून गावोगाव आहे. हिशेबही सोयीचा पडतो. 1000 मिमीचा आठवा भाग 125 मिमी आणि 5 इंची रूळ 127 मिमीचा. केवळ 2 मिमीचा फरक राहतो. ब्रॉडगेजचे 1676 मिमी याच रुळावर बसवायचे तर प्रमाण 1:13.2 असे अडचणीचे येते.

मीटरगेजच्या प्रवासी गाड्यांसाठी वापरलेल्या वायपी वर्गाच्या इंजिनाचे मोठे चाक 1372 मिमी व्यासाचे. 1:8 प्रमाणात ते 171.5 मिमी होते. लांबी आठपट कमी झाली की पृष्ठफळ 64 पट आणि वजन 512 पट कमी होते. म्हणजे 50 टनांचे इंजिन जवळपास 98 किलोवर येते. ते उचलायला चार माणसे लागतात आणि रुळावर ठेवले की तेच चार माणसांना ओढते.

ओतकाम : चाक बिडाचे (ओतीव लोखंडाचे). पॅटर्न करताना दोन्ही अंगांना मशीनिंगसाठी 3-3 मिमी सोडायचे. बीड थंड होताना सुमारे 1 टक्का आकसते, तेही धरायचे. त्यामुळे 171.5 मिमीच्या चाकासाठी पॅटर्न 179 मिमीच्या आसपास जातो. पॅटर्न सागवानाचा असेल तर वाळूतून सहज निघावा म्हणून कडांना थोडा उतार द्यावा लागतो. पावसाळ्यात लाकूड फुगते, म्हणून मापे उघाडीत पुन्हा तपासणे शहाणपणाचे. एका चाकासाठी कोणी भट्टी पेटवत नाही. मोठ्या ओतकामाच्या शेवटी पळीत उरलेला रस आपल्या साच्याच्या डब्यात ओतून घेण्याइतकी ओळख ओतशाळेत असावी लागते. ही ओळख जपणे हेही मंडळाचेच काम.

नवख्याचा हिरमोड सर्वांत जास्त होतो तो इथेच. चाकाचे आरे बारीक असतात. रस त्यात चटकन थंड होतो आणि तेवढा भाग ‘पांढरे बीड’ बनतो, इतके कडक की हायस्पीड पोलादाचे टूल त्यावर बोथट होऊन जाते. उपाय दोन. कास्टिंग पुन्हा लालभडक तापवून भट्टीतच सावकाश थंड होऊ द्यावे किंवा कार्बाइड टूल लावून मंद गतीने कापावे. पहिला उपाय वेळखाऊ, पण मी तोच सुचवीन. कारण तापमान आणि थंड होण्याचा वेग यांचा धातूवर काय परिणाम होतो हे तिथेच हाताला कळते. मापांच्या बाबतीत जुने मिस्त्री अजून सुतात बोलतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मंडळात मायक्रोमीटर आणि सूत दोन्ही भाषा शेजारी नांदतात, आणि नव्या मुलांनी दोन्ही शिकाव्यात.

बॉयलर : लहान बॉयलर तांब्याचा करतात. तांब्याचा पत्रा लाल तापवून पाण्यात बुडवला की मऊ होतो. मग लाकडी किंवा लोखंडी ठोकळ्यावर ठोकून कड वळवायची, कडक झाला की पुन्हा तापवायचा. तांबटाच्या आळीत हंडे-घागरी ज्या रीतीने घडल्या तीच ही रीत. सांधे चांदीच्या डागाने जोडतात. हा शब्द सोनाराच्या पेढीवरचा, आणि सांध्यावर टाकणखार लावण्याची सवयही तिथलीच. 55 टक्के चांदीचा डाग सुमारे 630 ते 660 अंशांवर वितळतो, तर तांबे 1080 अंशांच्या पुढे. या अंतरावर सगळे काम उभे असते. कॅडमियम असलेला डाग वापरू नये, त्याचा धूर विषारी असतो.

निसर्गाचे नियम मात्र प्रमाणात लहान होत नाहीत. खऱ्या इंजिनात विस्तवाचा धूर पाण्यातून नेणाऱ्या नळ्या 50 मिमीच्या असतील तर आठव्या हिश्शाने त्या 6 मिमीच्या होतील आणि काजळीने लगेच तुंबतील. म्हणून लहान बॉयलरात कमी संख्येच्या, पण तुलनेने जाड नळ्या घालतात. बाहेरून हुबेहूब दिसणारे इंजिन आतून वेगळे असते ते यामुळे. ज्याला हे उमगले त्याला उष्णतेचा अर्धा धडा कळला असे समजावे.

तयार बॉयलरची पहिली चाचणी पाण्याच्या दाबाने, चालवायच्या दाबाच्या दुप्पट घेतात. चालवायचा दाब दर चौरस सेंटीमीटरला 5.5 किलो असेल तर चाचणी 11 किलोवर. पाणी जवळपास दाबले जात नाही, त्यामुळे सांधा फुटलाच तर धार लागते, स्फोट होत नाही. हवेने चाचणी घेणे कधीही योग्य नाही. भारताच्या बॉयलर कायद्याच्या व्याख्येत 25 लिटरपेक्षा कमी क्षमतेची पात्रे बसत नाहीत, आणि 5 इंची रुळावरचे इंजिन त्याहून पुष्कळ कमी पाणी घेते. सरकारी निरीक्षक येत नाही म्हणून जबाबदारी वाढते, कमी होत नाही. प्रत्येक बॉयलरचा क्रमांक, चाचणीची तारीख, दाब आणि पाहणाऱ्या दोघांच्या सह्या वहीत असल्याशिवाय कोणाही सभासदाला वाफ धरू देऊ नये.

कोळसा ही इथली अडचण. भारतीय दगडी कोळशात राख पुष्कळ असते. छोट्या जाळीवर तिचे खडे बनून हवा कोंडते. लाकडी कोळशाने पेटवून पुढे दगडी कोळशाचे बारीक, चाळलेले तुकडे थोडे थोडे घालत राहणे किंवा सरळ गॅसचा बर्नर बसवणे, असे मार्ग आहेत. पाण्याच्या बाबतीत मात्र बेळगाव नशीबवान. विहिरीच्या जड पाण्याने नळ्यांवर थर बसतो, पण पहिला आठवडा सोडून कौलांवरून धरलेले पावसाचे पाणी बॉयलरला उत्तम. आषाढात चार पिंपे भरली की हिवाळाभर पुरतात. तोच पाऊस लेथच्या बेडवर गंज आणतो. काम संपले की तेलाचा फडका फिरवणे चुकवू नये.

रेल्वेखेरीज इथल्या मातीतले विषय भरपूर आहेत. मोठ्या फ्लायव्हीलचे एका सिलिंडरचे शेतावरचे इंजिन, गुऱ्हाळातला तीन लाटांचा चरक, 1903 चा लोखंडी नांगर, कडबा कापायचे यंत्र. गोकाकचा धबधबा सुमारे 52 मीटर उंचीचा, त्याच्या पाण्यावर गिरणी चालवली गेली. त्या धर्तीचे छोटे पाणचक्र बादलीभर पाण्यावर फिरवून दाखवता येते. चरकाची प्रतिकृती करायची तर उसाऐवजी गवताची ताजी काडी घालून रस निघतो का ते पाहावे. दंतचक्राचे दात नीट कापले नसतील तर तिथेच अडकते.

मुले येतात कुठून, याचे उत्तर सणांत आहे. बेळगावची मुले दिवाळीत अंगणात किल्ले बांधतात आणि गणेशोत्सवात मंडळांचे हलते देखावे पाहत मोठी होतात. गाडीच्या वायपरच्या 12 व्होल्टच्या मोटरवर मावळ्याचा हात वरखाली करणाऱ्या मुलाला कॅम आणि क्रँक (फिरती गती वरखाली करणारे भाग) आधीच माहीत असतात, फक्त नावे माहीत नसतात. अशा मुलाला लेथसमोर उभे करायला उशीर करू नये.

मंडळाच्या जागेत दोन फळ्या हव्यात. एकीवर पॅटर्न, प्रत्येकावर यंत्राचे नाव, धातू आणि धरलेले आकुंचन लिहिलेले. ओतशाळा बंद पडते तेव्हा जुने पॅटर्न सरपणात जातात, ते वेळेत मागून आणणे हेही काम याच फळीचे. दुसरीवर फसलेली कास्टिंगे, मधोमध कापून आतले छिद्र दिसेल अशी ठेवलेली, आणि सोबत चिठ्ठी : रस कुठून ओतला, वाळू किती ओली होती, ओतले त्या दिवशी पाऊस होता की नाही.