व्हीनिअर आणि सनमायका: स्टॉलवर आवडलेली शेड नक्की कशाची?

गोरेगावच्या बॉम्बे एक्झिबिशन सेंटरमध्ये इंटिरिअरचं मोठं प्रदर्शन भरलं की पुढचे पंधरा दिवस सुतारांच्या व्हॉट्सॲपवर फोटोंचा पाऊस पडतो. "हे वॉलनट व्हीनिअर बघून ठेवा, सेम हेच हवं." फोटोत बऱ्याचदा असते सनमायका. आणि खरंच व्हीनिअर असलं तर ते 'सेम' घरी येत नाही. मग सुताराला शिव्या.

सनमायका सगळ्यांच्या ओळखीची. नाव एका कंपनीच्या ब्रँडचं, वस्तूचं खरं नाव लॅमिनेट. रेझिनमध्ये भिजवलेल्या तपकिरी क्राफ्ट पेपरचे थर, वर छापील कागद, उष्णता आणि दाब देऊन एकजीव केलेले. बाहेरून लावायला १ मिलीमीटर, कपाटाच्या आतून लावायचं लायनर त्याहून पातळ, शीट ८ बाय ४ फूट. चिकटवली की काम संपलं.

व्हीनिअर म्हणजे खऱ्या लाकडाचा साधारण अर्ध्या मिलीमीटरचा काप, ३ ते ४ मिलीमीटरच्या प्लायवर चिकटवलेला. आकार तोच ८ बाय ४. त्यामुळे दोन्ही एकाच जातीच्या वस्तू वाटतात आणि घोळ इथूनच सुरू होतो.

स्टॉलवर ओळखायचं कसं? नख फिरवून बघायचा जुना उपाय आता विसरा. पूर्वी छापलेल्या रेषा एकीकडे आणि उठाव दुसरीकडे असायचा. आता उठाव छपाईवर बरोबर बसवलेली लॅमिनेट्स येतात, बोटाला फरक कळत नाही. डोळ्याला कळतो. पॅनलसमोर उभं राहून डोकं हळूहळू डावीकडून उजवीकडे न्या, किंवा मोबाइलचा टॉर्च अगदी तिरका धरून सरकवा. खऱ्या लाकडात, विशेषतः लाटा असलेल्या भागात, मघाशी उजळ दिसलेला पट्टा गडद होतो आणि गडद होता तो उजळतो. लाकडाचे तंतू वेगवेगळ्या कोनात असतात, म्हणून. छापलेला गडद पट्टा कुठूनही गडदच दिसतो. दुसरी खूण म्हणजे कड. तयार पॅनलची कड पट्टीखाली झाकलेली असते, म्हणून सुटा नमुना हातात मागा. काठाला तपकिरी-काळी रेघ दिसली की तो कागद. तिसरी खूण, एकाच डिझाइनची दोन पॅनल शेजारी असतील तर गाठी शोधा. तीच गाठ तिथेच दोनदा भेटली तर झाड नव्हे, छापखाना.

आता मुख्य मुद्दा, ज्यावर सगळे घसरतात. सनमायका हा तयार पृष्ठभाग आहे, व्हीनिअर हा कच्चा माल आहे. स्टॉलवर तुम्हाला आवडलेली शेड व्हीनिअरची नसते. ती व्हीनिअर, स्टेन (लाकडात मुरणारा रंग), सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा थर) आणि वरचा कोट या चौघांची मिळून असते. यातली एकच गोष्ट तुम्ही दुकानातून आणता. उरलेल्या तिन्ही पॉलिशवाला तुमच्या हॉलमध्ये, पंखा बंद करून, खिडकीला जुनी चादर लावून करतो. स्टॉलवरचं पॅनल धूळ नसलेल्या बूथमध्ये स्प्रे केलेलं असतं आणि त्यावर पिवळसर स्पॉटलाइट सोडलेला असतो. तेव्हा कंपनीचा कोड लिहून आणला म्हणजे शेड आणली असं होत नाही.

म्हणून स्टॉलवर पॉलिश न केलेली शीट बघायला मागा, ती फिकट आणि रुक्ष दिसेल. परवानगी घेऊन ओल्या कपड्याने हातभर पट्टा पुसा. ओला असताना जो रंग दिसतो तो साध्या क्लिअर कोटनंतरच्या रंगाच्या बराच जवळ असतो. स्टॉलचं पॅनल त्याहून पुष्कळ गडद असेल तर त्यात स्टेन आहे. कोणता स्टेन, वरचा कोट मेलामाइनचा की पीयूचा (पॉलियुरेथेन), मॅट की सेमी-ग्लॉस, हे तिथेच विचारून लिहून घ्या. आणि हो, तळहाताएवढा तुकडा बघून ठरवू नका. मधोमध डोंगरासारख्या कमानी असलेला क्राउन कट त्या तुकड्यात निव्वळ सरळ रेषांचा वाटू शकतो.

घरी काय बिघडतं? अर्ध्या मिलीमीटरात चुकीला जागा नसते. मशीनने जोर लावून घासलं की कडेला काप संपतो आणि खालचा प्लाय डोकावतो. त्यावर इलाज नाही. आडवं घासलं तर ओरखडे कोऱ्या लाकडावर दिसत नाहीत, स्टेन मारल्यावर सगळे उठून येतात. फेव्हिकॉल बाहेर येऊन वाळला तर तिथे स्टेन शिरत नाही, पांढुरका डाग राहतो. घट्ट चिकटपट्टी लावून ओढली की तंतू निघतात. ओकसारख्या लाकडावर ओलं लोखंड टेकलं तर काळा डाग पडतो. कोऱ्या शीट उन्हात एकावर एक अर्धवट सरकवून ठेवल्या तर झाकलेला आणि उघडा भाग वेगळा होतो. भर पावसाळ्यात पॉलिश केलं तर हवेतल्या दमटपणामुळे कोट दुधी होऊ शकतो. आमचं मत स्पष्ट आहे: जुलैत व्हीनिअर पॉलिश करायची घाई असेल तर सनमायका लावा.

क्रम असा ठेवा. त्याच लॉटच्या व्हीनिअरचा फूटभर तुकडा कापा, ग्रेनच्या म्हणजे लाकडाच्या रेषांच्या दिशेने आधी १८० आणि मग २४० नंबरचा पॉलिश पेपर मारा. ठरलेला स्टेन, सीलर, ३२० ने हलकं घासणं, वरचा कोट, सगळं त्या तुकड्यावर. अर्धा भाग कोरा ठेवा. मागे मिश्रणाचं प्रमाण आणि तारीख लिहा. तो तुकडा तुमच्याच खोलीत, दिवसा आणि रात्री दिव्याखाली बघा. मग बाकीच्या शीटना हात लावा. फिनिश आम्ही मॅट पीयूच सांगू. चकचकीत मेलामाइनखाली चांगलं अक्रोड लाकूड प्लास्टिकच वाटतं, वर अनेक दिवस वास.

इतकं करूनही रंग स्थिर राहत नाही. अक्रोड उजेडात फिकट होतो, सागवान आणि चेरी गडद होतात. भिंतीवरची फ्रेम दोन वर्षांनी हलवली की मागे तिची सावली दिसेल. हे ज्यांना चालत नाही त्यांनी सनमायकाच घ्यावी, त्यात कमीपणा नाही.

दरातही चकवा आहे. सनमायका शीटवर विकली जाते, व्हीनिअर चौरस फुटावर. समजा व्हीनिअर १२० रुपये फूट, तर ३२ फुटांची शीट ३,८४० रुपये. वर पॉलिशची मजुरी चौरस फुटावर वेगळी. ग्रेन जुळवताना तुकडे वाया जातात, म्हणून क्रमांकवार एकाच गठ्ठ्यातल्या शीट घ्या आणि एखादी जास्तीची. नंतर तसाच गठ्ठा मिळत नाही.

रिकॉन व्हीनिअरबद्दल थोडक्यात. ते खरं लाकूडच, पण वाढीला जलद असलेलं स्वस्त लाकूड रंगवून, थर दाबून, पुन्हा कापलेलं. रेषा एकसारख्या येतात. पंधरा शटर एकाच तोंडवळ्याची हवी असतील तर उत्तम. फक्त ते अक्रोडच्या भावात घेऊ नका.

यंदा काय चाललंय, असं विचाराल तर बऱ्याच स्टॉलवर दोन गोष्टी दिसतात: गोलाई आणि उभ्या पन्हाळ्यांची पॅनल. गोल कोपऱ्यावर १ मिलीमीटरची साधी सनमायका वाकत नाही, तडकते. त्यासाठी पोस्टफॉर्मिंग ग्रेड, म्हणजे गरम करून वळवता येणारी सनमायका मागावी लागते. पातळ, लवचीक पाठीचं व्हीनिअर मात्र ग्रेन गोल कोपऱ्याच्या उंचीला समांतर, म्हणजे उभा ठेवला तर सहज वळतं. पन्हाळ्यांमध्ये मात्र 'लाकडी फिनिश' म्हणून जे मिळतं ते बहुधा व्हीनिअरही नसतं आणि सनमायकाही नसते. ती पॉलिस्टरिनवर चढवलेली छापील फिल्म असते, आणि तिला बाजारात 'चारकोल पॅनल' म्हणतात. टीव्हीच्या मागे ठीक; गॅसच्या ओट्याजवळ लावू नका.

दारं कोणतीही करा, मागच्या बाजूला लायनर किंवा बॅलन्सिंग व्हीनिअर लावायला सांगा. एकाच बाजूला चिकटवलेलं शटर वाकतं, आणि मग बिजागरी कितीही फिरवली तरी फट मिटत नाही.