धातूंच्या ऑक्साइड पापुद्र्यातील आयनवहन

धातूवर धरलेल्या ऑक्साइडच्या पातळ थरातून विद्युतक्षेत्राच्या ओढीने आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, सरकण्याची क्रिया. ॲल्युमिनियम, टँटॅलम, टायटॅनियम अशा धातूंवर हा पापुद्रा आपोआप धरतो. खानदेशात घरोघरी 'जर्मनचे' म्हणून ओळखले जाणारे ॲल्युमिनियमचे पातेले राखेने कितीही घासले, तरी उघड्या पडलेल्या धातूवर तो लगेच पुन्हा तयार होतो. मात्र काही नॅनोमीटर जाड झाला की त्याची वाढ जवळजवळ थांबते. असे का होते, याचा उलगडा निकोलस काब्रेरा आणि नेव्हिल मॉट या भौतिकशास्त्रज्ञांनी १९४८–४९ मध्ये केला.

धातूतले इलेक्ट्रॉन पापुद्रा ओलांडून पृष्ठभागावरच्या ऑक्सिजनला मिळतात आणि दोन्ही बाजूंमध्ये साधारण एक व्होल्टचा विद्युतदाब उभा राहतो. एक व्होल्ट म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण क्षेत्र म्हणजे दाब भागिले जाडी. जाडी दोन नॅनोमीटर असेल, तर क्षेत्र मीटरला ५० कोटी व्होल्ट भरते. हवेत साधारण ३० लाखांनाच ठिणगी पडते. थर जाड होत गेला की तोच दाब अधिक जाडीवर वाटला जातो, क्षेत्र उतरते आणि आयनांचा वेग झपाट्याने ओसरतो.

वेग एवढा बदलतो, कारण ऑक्साइडमध्ये आयन वाहत नाही; तो एका जागेवरून शेजारच्या जागेवर उडी घेतो आणि दर उडीला ऊर्जेचा उंबरठा ओलांडतो. क्षेत्र हा उंबरठा पुढच्या बाजूने खाली आणते, मागच्या बाजूने उंच करते. तीन धनभारांचा आयन, अर्धी उडी ०.१ नॅनोमीटर आणि क्षेत्र नॅनोमीटरला एक व्होल्ट धरले, तर उंबरठा ०.३ इलेक्ट्रॉन-व्होल्टने उतरतो. २७ अंशांना उष्णतेची ऊर्जा जेमतेम ०.०२६ असते. त्यामुळे पुढच्या उड्या सुमारे एक लाख पटींनी वाढतात. प्रवाह क्षेत्राच्या घातांकी प्रमाणात वाढतो, हे ग्युंटरशुल्झे आणि बेट्झ यांनी १९३४ मध्ये प्रयोगांतून दाखवले होते.

बाहेरून विद्युतदाब दिला तर पापुद्रा बराच वाढवता येतो. यालाच ॲनोडायझिंग म्हणतात. ॲल्युमिनियमवरचा सलग, छिद्रे नसलेला थर व्होल्टमागे साधारण १.२ ते १.४ नॅनोमीटर चढतो. त्यात धातूचे आयन बाहेर आणि ऑक्सिजनचे आत, असे दोन्ही सरकतात.

रावेर-यावलकडे बोअरवरच्या सिंगल फेज पंपाच्या पेटीत मोटार उचलून देणारा जो कंडेन्सर असतो, त्याची सारी मदार या पापुद्र्यावर असते. त्यात ॲल्युमिनियमच्या दोन्ही पट्ट्यांवर ऑक्साइड चढवलेले असते आणि त्यांच्यामध्ये वीज वाहून नेणारा द्रव असतो. पापुद्रा कुठे विरळ झाला, तर नेमके तिथेच क्षेत्र तीव्र होते, आयन धावतात आणि सभोवतालच्या द्रवातला ऑक्सिजन घेऊन ती जागा भरून येते. पण हा कंडेन्सर काही सेकंदांसाठीच बनवलेला असतो. स्विच चिकटून तो लाइनवर राहिला, तर आत उष्णता साचते, द्रवाची वाफ होते आणि डबी फुगून फुटते. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात असताना त्याला गार व्हायलाही वाव नसतो.

डीसीचे इलेक्ट्रोलिटिक, म्हणजे असाच पापुद्रा आणि द्रव असलेले, कंडेन्सर वर्षानुवर्षे वापराविना पडून राहिले, तर द्रवामुळे त्यांचा पापुद्रा हळूहळू झिजतो आणि गळती वाढते. अशा कंडेन्सरला एकदम पूर्ण दाब देणे धोक्याचे असते. आधी रोधातून थोडा प्रवाह सोडून दाब सावकाश चढवतात, म्हणजे तेवढ्या वेळात आयन सरकून थर पुन्हा पुरेसा जाड होतो.