दोन गुंठे भाजीची जमीन आणि कुळाची धास्ती

रत्नागिरी, चिपळूण किंवा अलिबागेत फ्लॅटमध्ये राहायला आलेल्या माणसाला पहिल्याच हिवाळ्यात घरामागचे परडे आठवते. सांडपाण्यावर पोसलेली केळ, अळू, मांडवावरचे पडवळ. बाल्कनीच्या ग्रिलमध्ये तुळस आणि दोन मिरच्या, बस्स. मग गावाबाहेर गुंठा-दोन गुंठे हंगामापुरते भाड्याने मिळतील का, अशी विचारणा सुरू होते. जमीन वर्षानुवर्षे पडीक असते, मालक मुंबईला असतो, तरी उत्तर बहुधा 'नाही' असेच येते.

दुसऱ्याच्या जमिनीत भाजी करणे कोकणाला काही नवे नाही. भात कापून झाले की ओल धरणाऱ्या जमिनीत वायंगण, म्हणजे भातानंतरचे दुसरे पीक, करायचे, ओढ्याला दगडमातीचा बांध घालून पाटाने पाणी आणायचे आणि मुळा, लाल माठ, वाली, चवळी लावायची. जमीन एकाची, राबणारा दुसरा, पीक अर्धेलीने. सगळा व्यवहार तोंडी.

पण तोंडी व्यवहारात मार खायचे ते कूळ, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. पिढ्यान्‌पिढ्या कसूनही जमिनीवर हक्क नाही, गावाचा सारा वसूल करणारा खोत म्हणेल तो खंड, म्हणजे जमिनीचे भाडे. १९३३ साली अलिबागजवळ चरीला नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली कुळांनी जमीन कसायलाच नकार दिला आणि तो संप १९३९ पर्यंत चालला. मधेच, १९३७ मध्ये, डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोती प्रत्यक्षात गेली ती १९४९ च्या कायद्याने. त्याआधी १९४८ मध्ये कुळकायदा आला आणि १ एप्रिल १९५७ या 'कृषक दिना'पासून कुळे मालक मानली गेली.

कायदा न्याय्यच होता. मात्र त्याचे चौथे कलम मालकांच्या मनात कायमचे रुतले: जमीन मालक स्वतः कसत नसेल, तर ती कायदेशीरपणे कसणारा परका माणूस कूळच मानला जातो. घरचा माणूस, पगारी गडी आणि ताबा असलेला गहाणदार एवढेच त्यातून सुटतात. १९५७ नंतर ठेवलेल्या कुळालाही जमीन विकत घेण्याचा हक्क ३२-ओ कलमाने दिला. तेव्हापासून सातबाऱ्यावरच्या पीकपाहणीत आपल्याशिवाय दुसऱ्याचे नाव लागू नये, याला मालक जिवापाड जपतो. फ्लॅटवाल्याला मेथीच्या चार जुड्या हव्या असतात. मालकाला मात्र समोर उद्याचे कूळ दिसते.

शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घ्यायला त्याच कायद्याचे ६३ वे कलम आडवे येते, म्हणजे तीही वाट बंद.

ब्रिटनमध्ये १९०८ च्या कायद्याने मागणी असेल तिथे भाजीसाठी असे तुकडे भाड्याने देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवरच टाकली. तिथला पारंपरिक तुकडा सुमारे २५० चौरस मीटरचा, आपले अडीच गुंठे. आपल्या नगरपालिकांवर असे बंधन नाही. म्हणून इथे जमते ते ओळखीतच: मालक नांगरट आणि पाणी स्वतःच्या हातात ठेवतो, फ्लॅटवाला वाफ्यांचे पैसे देतो, आणि पहिला पाऊस पडायच्या आत बेड्याची, म्हणजे कुंपणाच्या फाटकाची, किल्ली परत जाते.