व्हॅक्सिन डेपो, काकांची पिवळी बाटली आणि रक्तातले हमाल

टिळकवाडीतला माणूस पत्ता सांगताना 'व्हॅक्सिन डेपोजवळ' असं सहज म्हणून जातो. रोज सकाळी तिथल्या झाडांखाली फिरणाऱ्यांतल्या थोड्यांनाच त्या नावामागची गोष्ट माहीत असते. ब्रिटिश काळात बेळगावात देवीची लस तयार व्हायची. वासरांच्या कातडीवर ती वाढवायची, खरवडून काढायची आणि मुंबई इलाख्यात गावोगावी पाठवायची. पण लस नाजूक. उन्हाळ्यात वाटेतच तिचा जोर जायचा आणि टोचूनही उपयोग व्हायचा नाही. औषध बनवणं हे एक काम आणि ते धडपणे पोचवणं हे दुसरं. दुसरं जास्त अवघड आहे, हे मला २०२१ साली कळलं.

कोरोनातून उठलेल्या काकांना त्या मे महिन्यात काळ्या बुरशीनं गाठलं. औषध होतं अँफोटेरिसिन, तेही 'लायपोसोमल'. आम्ही खानापूरची माणसं, बेळगावात मिळेना म्हणून कुणी मिरजेला पळालं, कुणी कोल्हापूरला. ५० मिलिग्रॅमची एक बाटली, आणि काकांच्या वजनाला दिवसाला सहा लागायच्या. बाटलीच्या तळाला पिवळी वडी असायची. सिस्टर त्यात पाणी घालून जोरजोरात हलवायच्या, बारीक गाळणीतून औषध सलाईनच्या बाटलीत सोडायच्या. म्हणजे आम्ही तिला सलाईन म्हणायचो. एकदा मी धावत जाऊन मिठाच्या पाण्याची बाटली आणली, तर सिस्टर म्हणाल्या, "ओ दादा, ही नको, ग्लुकोजची आणा. ह्यात औषध फाटतंय." नासलेलं दूध जसं फाटतं तसं. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

साधं अँफोटेरिसिन जुनं आणि स्वस्त, पण ते मूत्रपिंडाला फार जाचतं. तेच औषध चरबीच्या सूक्ष्म पिशवीत, म्हणजे 'लायपोसोम'मध्ये, बसवलं की बुरशीवर चालतं आणि मूत्रपिंड बऱ्याच अंशी वाचतं. या पिशव्या पहिल्यांदा पाहिल्या ब्रिटिश शास्त्रज्ञ अलेक बँगहॅम यांनी, केंब्रिजजवळच्या बेब्रहॅममध्ये, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला. अंड्याच्या बलकातलं लेसिथिन, म्हणजे एक प्रकारची चरबी, पाण्यात गेलं की आपणहून दुहेरी पडद्याच्या पिशव्या होतात, हे त्यांना इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दिसलं. आपल्या पेशीचं आवरणही याच घडणीचं. पुढच्या दशकात ग्रेगरी ग्रेगोरियादिस आणि इतरांनी अशा पिशव्यांत औषध भरायला घेतलं. अमेरिकेत कॅन्सरवरचं डॉक्सिल १९९५ साली मंजूर झालं, काकांचं औषध त्यानंतर दोन वर्षांनी.

दुसरा धागा रक्तातल्या प्रथिनांचा, आणि मला तो जास्त आवडतो. रक्ताच्या रिपोर्टात 'अल्ब्युमिन' म्हणून एक ओळ असते, १०० मिलिलिटरला साधारण साडेतीन ते पाच ग्रॅम. हा रक्तातला हमाल. चरबीची आम्लं, कावीळ झाली की वाढणारं बिलिरुबिन, कितीतरी औषधं तो पाठीवर घेऊन फिरतो आणि जवळजवळ तीन आठवडे टिकतो. दुसऱ्या महायुद्धात हार्वर्डच्या एडविन कोन यांनी रक्तद्रवातून तो वेगळा काढायची रीत बसवली. १९४१च्या डिसेंबरात पर्ल हार्बरवर होरपळलेल्या सैनिकांना तो दिला गेला. तेव्हा काम होतं रक्तवाहिन्यांतलं पाणी धरून ठेवायचं, हमालीचा विचार नंतरचा.

पॅक्लिटॅक्सेल हे कॅन्सरचं नावाजलेलं औषध, पण पाण्यात विरघळत नाही. म्हणून ते एरंडेलापासून केलेल्या द्रावकात द्यायचे. त्या द्रावकानंच काही रोग्यांना जोराची अॅलर्जी यायची, आधी स्टेरॉइड टोचावं लागायचं. मग औषध थेट अल्ब्युमिनमध्येच गुंडाळलं. कण साधारण १३० नॅनोमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या कित्येकशे पट लहान. २००५ साली अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि तीन तासांची बाटली अर्ध्या तासावर आली. हीच हमाली साखरेच्या औषधांनाही लागू झाली. इन्सुलिनच्या रेणूला चरबीच्या आम्लाची शेपटी जोडली की ती अल्ब्युमिनला धरून बसते, आणि औषध हळूहळू सुटतं. आठवड्यातून एकदाच टोचायचं मधुमेहावरचं दुसरं औषध, सेमाग्लुटाइड, मुख्यतः अशा शेपटीमुळे इतकं टिकतं.

हे दोन्ही धागे एकत्र आले यकृतात. व्हँकुव्हरचे पीटर कलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औषधाच्या कणांसाठी अशी चरबी घडवली की ती रक्तात विद्युतभारहीन राहते, पण पेशीच्या आतल्या आंबट पोकळीत गेली की धनभारित होते आणि पोकळी फोडून माल बाहेर सोडते. तरी पेशीपर्यंत नेतो कोण? तर रक्तातलंच एक प्रथिन, अपोलिपोप्रोटीन ई. कण रक्तात शिरला की ते त्याला चिकटतं आणि यकृताच्या पेशीला वाटतं, ही आपलीच कोलेस्टेरॉलची गाडी आली. दार उघडतं. ते दार ब्राऊन आणि गोल्डस्टाइन यांनी १९७०च्या दशकात शोधलं होतं, वेगळ्याच कामासाठी, आणि त्याबद्दल १९८५चं नोबेलही घेतलं होतं. या वाटेनं जाणारं पहिलं औषध, एका आनुवंशिक आजारावरचं पॅटिसिरान, २०१८ साली आलं. दोन वर्षांत तशाच कणांत कोरोनाची एमआरएनए लस भरली गेली. एमआरएनए म्हणजे पेशीला अमुक प्रथिन बनव असा निरोप देणारा रेणू. एमआरएनए शरीराला सोसेल अशी करण्याच्या कामासाठी कॅटलिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांना २०२३चं नोबेल मिळालं.

पण यकृताची वाट सोपी म्हणून सगळं यकृताकडेच ओढलं जातं. फुप्फुसाकडे, मेंदूकडे माल वळवायचा, तर कणाला रक्तातलं कुठलं प्रथिन चिकटतं तेच बदलायला हवं. सध्या संशोधकांची मोठी धडपड इथंच आहे.

आणि थंडाव्याचं दुखणं जुनंच. सुरुवातीच्या एका एमआरएनए लशीला उणे ७० अंश लागायचे, आपल्या भागातल्या आरोग्य केंद्रांत ते कुठून आणणार? पुण्याच्या जेनोव्हा कंपनीनं बनवलेल्या एमआरएनए लशीला २०२२च्या जूनमध्ये आपत्कालीन मंजुरी मिळाली, ती २ ते ८ अंशांवर टिकते. पुढच्या वर्षीची तिची ओमायक्रॉनसाठीची आवृत्ती तर सुकवलेल्या भुकटीच्या रूपात आली. काकांच्या बाटलीतल्या पिवळ्या वडीसारखीच.