चरबी कमी करताना सप्लिमेंट्स एकत्र घ्यायची तर कॅफीनचा हिशेब आधी

चरबी कमी करायला निघालेल्या माणसाकडे थोड्याच दिवसांत चार डबे जमतात: व्हे प्रोटीन (दुधापासूनची प्रोटीन पावडर), क्रिएटिन (स्नायूंच्या ताकदीसाठी), प्री-वर्कआउट (व्यायामाआधी घ्यायची उत्तेजक पावडर) आणि फॅट बर्नर (चरबी जाळण्याच्या दाव्याने विकलं जाणारं). पहिले दोन एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. गोंधळ शेवटच्या दोघांचा असतो, कारण दोन्हींचा मुख्य घटक बहुतेक वेळा एकच असतो, तो म्हणजे कॅफीन.

साधा हिशेब करू. प्री-वर्कआउटच्या एका स्कूपमध्ये २०० मिलिग्रॅम. फॅट बर्नरच्या एका मात्रेत १५०, ती दिवसातून दोनदा, म्हणजे ३००. वर दोन कप कॉफीचे अंदाजे १९०. बेरीज ६९०. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा दिवसाला ४०० आणि एका वेळी २०० मिलिग्रॅम आहे. गरोदरपणात दिवसभराचीच मर्यादा २००.

लेबल वाचताना फक्त ‘कॅफीन’ शोधून भागत नाही. ग्वाराना, येर्बा माते, कोला नट, ग्रीन कॉफी अर्क यांतूनही कॅफीनच पोटात जातं. डायकॅफीन मॅलेट या कॅफीनच्या संयुगाचा साधारण तीन चतुर्थांश भाग कॅफीन असतो. ‘प्रोप्रायटरी ब्लेंड’ म्हणून दहा घटकांचं मिळून एकच वजन छापलेलं असेल, तर हिशेब करणंच अशक्य. असा डबा घेऊ नये. सुटी कॅफीन पावडर तर नाहीच नाही: एका चमचाभर पावडरीत ३ ग्रॅमहून जास्त कॅफीन असू शकतं आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर २०० मिलिग्रॅम नीट मोजता येत नाही.

एवढं कॅफीन घेऊन मिळतं काय? १०० मिलिग्रॅम कॅफीनने विश्रांतीच्या वेळचा चयापचय दोन-अडीच तास ३ ते ४ टक्क्यांनी वाढतो. ज्याचं शरीर स्वस्थ असताना दिवसाला १६०० किलोकॅलरी खर्च करतं, त्याच्या बाबतीत ही वाढ भरते जेमतेम ६ किलोकॅलरी. कॅफीनचा खरा उपयोग व्यायाम जोमाने होण्यासाठी आहे, आणि ते काम प्री-वर्कआउट किंवा नुसती कॉफीही करते. त्यामुळे चारपैकी एक डबा कमी करायचा तर फॅट बर्नरच.

वेळेचंही गणित आहे. शरीरातलं कॅफीन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी ६ ला घेतलेल्या २०० पैकी १०० रात्री ११ ला रक्तात असतात. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांत हा काळ जवळपास दुप्पट होतो. आणि झोप तोडून डाएट केलं, तर उतरलेल्या वजनात चरबीचा वाटा घटतो, स्नायूंचा वाढतो. म्हणजे ज्यासाठी खटाटोप, तेच हातचं जातं.

फॅट बर्नरमध्ये कॅफीनसोबत योहिम्बिन (झाडाच्या सालीतून मिळणारं उत्तेजक) असेल तर जास्त सावध राहावं. चरबीच्या पेशींवरचे अल्फा-२ रिसेप्टर, म्हणजे शरीरातले रासायनिक संदेश टिपणारे भाग, चरबी मोकळी होण्याला ब्रेक लावतात. योहिम्बिन तो ब्रेक सोडवतं. पण हेच रिसेप्टर मज्जासंस्थेत नॉरअ‍ॅड्रेनॅलिन या शरीराला उत्तेजित करणाऱ्या रसायनालाही आवर घालत असतात. तोही सुटतो, आणि छातीत धडधड, वाढलेला रक्तदाब, जिवाची घालमेल सुरू होते. रक्तदाबाची किंवा नैराश्यावरची औषधं चालू असतील तर योहिम्बिन घेऊच नये.

ग्रीन टी अर्काचा प्रश्न यकृताचा. त्यातल्या ईजीसीजी या मुख्य घटकाचं प्रमाण दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त झालं, तर काहींच्या यकृताची एन्झाइम्स वाढतात. उपाशीपोटी तो जास्त शोषला जातो, म्हणून कॅप्सूल घ्यायचीच तर जेवणासोबत. लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर सगळं थांबवून त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं.

सुरुवात प्रोटीनपासून करावी: दर किलो वजनामागे दिवसाला १.६ ते २.२ ग्रॅम, त्यात जेवणातलं धरून. उरेल तेवढंच पावडरीतून. मग क्रिएटिन मोनोहायड्रेट, रोज ३ ते ५ ग्रॅम, कोणत्याही वेळी. त्याने स्नायूंत पाणी साठतं आणि काटा किलोभर वर जाऊ शकतो. घाबरून डबा बंद करण्याऐवजी कंबरेचं माप घ्यावं. दोन आठवडे गेल्यावर प्री-वर्कआउट, तेही अर्ध्या स्कूपपासून आणि पाण्यात कालवून. दोन नव्या गोष्टी एकदम सुरू केल्या, तर त्रास कशाचा ते कळत नाही. चेहऱ्याला, हातांना मुंग्या आल्या तर बहुधा तो प्री-वर्कआउटमधल्या बीटा-अ‍ॅलनिन या घटकाचा परिणाम, निरुपद्रवी असतो. मात्रा विभागून घेतली की कमी होतो.

रक्त तपासायचं असेल तर आधीचे काही दिवस जड व्यायाम टाळावा, कारण दमलेल्या स्नायूंतूनही एएसटी-एएलटी ही यकृताच्या तपासणीतली एन्झाइम्स वाढतात आणि यकृतावर उगाच संशय येतो. क्रिएटिनमुळे क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीत मोजला जाणारा घटक, थोडं वाढलेलं दिसू शकतं. मूत्रपिंडाबद्दल शंका असेल तर डॉक्टर सिस्टॅटिन-सी ही मूत्रपिंडाची दुसरी रक्ततपासणी करून घेतात. त्यांच्याकडे जाताना डब्यांच्या लेबलांचे फोटो न्यावेत.